अप्पा आणि पाठशाळेची बारव

मागच्या महिन्यात पाठशाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. आग्रहाचं निमंत्रण आलं म्हणून गेलो. व्यासपीठामागे मन्मथअप्पांचा मोठा फोटो लावला होता आणि फोटोवाल्याने आपली कला दाखवून त्यांच्या कपाळावरच्या आठ्या पुसून टाकल्या होत्या. एका तरुण वक्त्याने सांगितलं, अप्पा म्हणजे शांतीचा सागर, त्यांच्या तोंडून कधी कडू शब्द निघाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चपला शोधल्या आणि घरी आलो.

खोटं बोलायला काही धरबंध असावा की नाही? अप्पा सकाळी उठत तेच चिडून. कोंबडा उशिरा आरवला तर कोंबड्यावर, खुंटीवरचं धोतर घसरलं तर खुंटीवर, पाऊस आला नाही तर आभाळावर आणि आला तर गळणाऱ्या माळवदावर. त्यांच्याबरोबर मी एक वर्ष शिकवलं. त्या वर्षात त्यांना शांत झालेलं मी एकदाच पाहिलं, आणि ज्यांनी त्यांना शांत केलं त्यांच्याच नातवंडांनी आता हा फोटो लावला. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

गोष्ट निजामाच्या राजवटीतली, १९४८च्या पोलीस ॲक्शनच्या पाच-सहा वर्षं आधीची. आमचं गाव परभणीकडच्या बोरीपासून कोस-दोन कोसांवर. गावात मठ आणि मठाच्या आवारात पाठशाळा. ती कोणत्या स्वामींनी सुरू केली हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण तिथे शिकून गेलेल्यांची नावं सांगताना म्हातारी माणसं तीन पिढ्या मागे जात. माझ्या वेळेपर्यंत तिची पार रया गेली होती. एका खोलीत वटवाघळं, दुसरीत मठाचा कडबा आणि तिसरीत दहा-बारा पोरं. पण त्या काळात नवी खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि ती मिळत नसे. सरकारी शाळेत उर्दूतून शिका, नाहीतर घरी बसा. आमची पाठशाळा जुनी होती, म्हणून तिला नव्याने परवानगी लागत नव्हती. गावातले काशिनाथशेट आणि परभणीचे दत्तोपंत वकील यांनी हे हेरलं, मंडळ केलं आणि पाठशाळेचा जीर्णोद्धार करायचं ठरवलं. मुख्य शिक्षक म्हणून मन्मथअप्पांना आणलं. मला खालच्या वर्गांना.

अप्पा जंगम होते, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा रुमाल. त्या रुमालावर सगळ्या पाठशाळेचं लक्ष असे. राग वाढला की ते रुमाल सोडत, झटकत आणि पुन्हा बांधत. बांधून होईपर्यंत समोरच्याने निघून जावं अशी त्यांची अपेक्षा असावी, पण हे कुणी ओळखलं नाही. मुलांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. "तोंड हाय का तोबरा?" एवढं विचारलं की पोरगं पुन्हा खोटं बोलत नसे. हाच प्रश्न ते काशिनाथशेटांनाही विचारत.

खोटं हेच त्यांच्या रागाचं मूळ होतं. पहिल्याच महिन्यात तालीमातचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, इन्स्पेक्टर तपासणीला आले. आम्ही सगळे चुन्याने माखलेले, पडकी भिंत नुकतीच उभी केलेली. इन्स्पेक्टरांनी भिंतीवर बोट टेकवलं, बोटाला ओला चुना लागला. काशिनाथशेट हात जोडून म्हणाले, "हुजूर, पुरानी दीवार है. दादा-परदादा के जमाने की." अप्पांनी रुमाल सोडला. म्हणाले, "साहब, ये दीवार मैंने पिछले हफ्ते बनायी. दीवार नयी है, मदरसा पुराना है. तोडना हो तो दीवार तोडो." शेटजींचा चेहरा कडब्याच्या रंगाचा झाला. इन्स्पेक्टर हसले. "पंडितजी, आपको गुस्सा बहुत आता है." अप्पा म्हणाले, "आता नहीं साहब, यहीं रहता है." इन्स्पेक्टरांनी चहा घेतला, वर्ग पाहिले आणि गेले. पाठशाळेला त्यांनी हात लावला नाही. आम्ही रात्रंदिवस ज्यांच्या नावाने बोटं मोडत होतो त्यांच्यातला हा माणूस सरळ निघाला, हे नोंदवून ठेवायला हवं.

बाहेरगावची मुलं तेव्हा वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. एके दिवशी वर्गात एक पोरगा घेरी येऊन पडला. त्याचा गुरुवार ज्या घरी, ते घर लग्नाला गेलं होतं आणि आदल्या दिवशीच्या घराने शिळी अर्धी भाकर दिली होती. अप्पा त्या दिवशी गावातून जे फिरले, ते अजून लोक सांगतात. ज्यांच्या घरी वार होता त्या प्रत्येक ओसरीवर उभं राहून म्हणाले, "वार बंद. पोरं भीक मागायला आली न्हाईत. खळं झालं की सूपभर जवारी पाठशाळेला द्या, आमचं आमी शिजवूताव." लोकांनी दिली. एका घराने खडे मिसळलेली दिली, तर अप्पा त्यांच्याच ओसरीवर बसले, सगळी ज्वारी निवडली, खड्यांची ओंजळ घरच्या बाईंपुढे ठेवली आणि म्हणाले, "हे तुमचं, माय. जवारी आमची." पुढच्या खेपेला त्या घरून सगळ्यात स्वच्छ ज्वारी आली.

ते वर्ष असं गेलं की आठवलं तरी मान ताठ होते. मुलांनी आणि गावकऱ्यांनी मिळून माळवदावर पांढरी माती टाकली. बायकांनी भिंती सारवल्या. कडबा बाहेर आला, वटवाघळं गेली, वर्ग सातवीपर्यंत वाढले. संध्याकाळी पोरं ओट्यावर पाढे म्हणत आणि येणारे-जाणारे शेतकरी ऐकत उभे राहत. जेवणाची पंगत एकच. तिच्या टोकाला, दाराशी, किसन बसे.

किसन मांगवाड्यातला. सोळा-सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, सालगडी व्हायच्या वयात अप्पांनी पकडून आणलेला. मंडळाने त्याला घेतलं, कारण दत्तोपंतांना परभणीच्या भाषणात 'आमचं विद्यालय सर्वांचं आहे' असं म्हणायचं होतं. सर्वांचं म्हणजे किती, तर दारापर्यंत. अप्पांनी पहिल्या दिवशी आपलं ताट उचललं आणि किसनच्या शेजारी मांडलं. मंडळाने डोळेझाक केली. गुरुजी विक्षिप्त आहेत, पण असा शिकवणारा शोधून मिळायचा नाही, अशी त्यांनी आपली समजूत घातली.

मग बारवेचा विषय निघाला. पाठशाळेच्या मागे जुनी दगडी बारव होती. पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येईल अशी. पण गाळाने ती अर्ध्याच्या वर भरली होती आणि पाणी पार आटलं होतं. होळी झाल्यावर गाळ काढायचं ठरलं. गाव लोटलं. पायरीपायरीवर माणूस, हातोहात टोपली. काशिनाथशेटांनी धोतराचा काचा मारला होता. मी होतो, मुलं होती, गावच्या देशमुखांची माणसं होती. खाली खाली जाऊ लागलो तसा गाळ काळा झाला, त्याला घाण सुटली, एक भला मोठा साप निघाला आणि खालच्या पायऱ्यांवरची माणसं एकेक करून वर आली. तेव्हा मांगवाड्याला निरोप गेला. किसनचा बाप सटवाजी आला, त्याच्याबरोबर त्याचे भाऊबंद. ते तळाला उतरले. दोन दिवस ते कमरेएवढ्या चिखलात होते. तिसऱ्या दिवशी सटवाजीच्या पहारीने दगडाखालचा झरा मोकळा केला आणि त्याने खालून आरोळी दिली, "पानी आलं."

काय आनंद झाला म्हणून सांगू. माणसं ते गढूळ पाणी डोळ्यांना लावत होती. काशिनाथशेटांनी गुळाची ढेप फोडली आणि स्वतःच्या हाताने सटवाजीच्या चिखलाच्या हातावर खडा ठेवला. हातावर, वरून टाकला नाही. दत्तोपंत पुढे प्रत्येक भाषणात सांगत, त्या दिवशी कुणाला जात आठवली नाही. साफ खोटं. सगळ्यांना आठवत होती. तळाला उतरायला माणूस हवा होता, एवढंच.

आठ-दहा दिवसांत पाणी नितळ झालं. चवीला गोड. आणि एका सकाळी येऊन पाहतो तर बारवेच्या तोंडाशी लाकडी फाटक आणि फाटकाबाहेर एक रांजण. किसनला पाणी लागलं तर कुणीतरी त्यात वरून ओतायचं आणि किसनने तिथून घ्यायचं. मंडळाचा ठराव होता. अप्पांनी फाटक पाहिलं, रांजण पाहिला आणि तसेच काशिनाथशेटांच्या दुकानात गेले. मी मागे होतो.

"शेटजी, हे कशाला?"

शेटजी गादीवरून उठले. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं आहे. हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, जरा समजून घ्या. लोक बोलायलेत. पोरं काढून नेतो म्हणायलेत."

"सटवाजी तीन दिवस बारवंत हुता. तवा लोक कुठं गेलते?"

"तवा गाळ हुता, गुरुजी. गाळाला शिवाशिव नसती. पाण्याला असती."

अप्पांनी रुमाल सोडला. झटकला. पण बांधला नाही. "मंग गाळच प्या तुमी," म्हणाले आणि बोडक्या डोक्याने भर बाजारातून परत आले.

त्या दिवसापासून त्यांनी बारवेचं पाणी सोडलं. ज्या पाण्यासाठी राबले, त्याचा थेंब घेतला नाही. नदी कोरडी पडली होती. मांगवाड्याची माणसं वाळूत झिरा उकरून पाणी भरत. अप्पा भर उन्हात घागर घेऊन तिथे जात. पहिल्या दिवशी तिथल्या बायका घागरी सोडून बाजूला झाल्या. अप्पा त्यांच्यावरही ओरडले. "मी का वाघ हाय? भरा तुमी आदी." दोन-तीन दिवस किसन त्यांच्याबरोबर जाई. मग वरच्या वर्गातला एक पोरगा गेला, मग चार, मग सगळा वर्ग. संध्याकाळी पाठशाळा सुटली की घागरी घेऊन पोरांची रांग नदीकडे निघे आणि अप्पा पुढे पाढे म्हणवून घेत चालत. शेट्यांची, देशमुखांची, ब्राह्मणांची पोरं मांगवाड्याच्या झिऱ्यावर पाणी पिऊ लागली.

आता मंडळ खडबडून जागं झालं. आणि त्यांनी काय केलं, ते ऐका. वर्षभर हीच माणसं ओरडत होती, निजाम आपल्याला आपल्या भाषेत शिकू देत नाही, जुलमी आहे, आंधळा आहे. आणि पाण्याची वेळ आली तेव्हा कुणाच्या दारात गेली, तर त्याच निजामाच्या पोलिसांच्या. पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, घोड्यावरून आला. आधी काशिनाथशेटांच्या ओसरीवर बसून त्याने सरबत घेतलं, मग पाठशाळेत आला. तक्रार अशी, की मन्मथअप्पा गुरुजी बिनापरवानगी जमाव करून नदीत नेतात आणि सरकारविरुद्ध बोलतात.

अप्पा म्हणाले, "मैं तो पहाडे पढाता हूं."

"मालूम है," अमीन म्हणाला. त्याने काशिनाथशेटांच्या घराकडे मान वळवली. "पहले अपने लोगां को संभालो, गुरुजी. हम खुद नहीं आये, तुमारे लोगांनेच बुलाया."

अप्पा वर्गात परत गेले. अमीनावर रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पोलीस नुसते येऊन गेले, म्हणून मंडळाला आता समेट करायला हवा होता. अक्षयतृतीया जवळ आली होती. त्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याचं भरलेलं मडकं दान देतात, आणि जंगमाच्या हाती दिलेलं पाणी पितरांना पोचतं अशी समजूत आहे. दत्तोपंतांनी तोड काढली. पाठशाळेचा वार्षिक उत्सव त्याच दिवशी ठेवायचा, बारवेच्या पाण्याचं मडकं भरसभेत अप्पांच्या हाती द्यायचं आणि त्यांनी ओंजळभर प्यायचं. जंगमाने दानाचं मडकं नाकारायचं नसतं. अप्पा प्याले की भांडण मिटलं, फाटक राहिलं, किसन रांजणावर राहिला आणि सगळं झाकून गेलं. इतकी हुशारी त्या वकिलाने कोर्टात कधी दाखवली नसेल.

मंडप भरला होता. आंब्याची तोरणं, पोरांची स्वागतगीतं, परभणीहून आलेले पाहुणे. काशिनाथशेटांनी फुलं वाहिलेलं मडकं अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी घेतलं. दत्तोपंतांनी सुस्कारा सोडलेला मी ऐकला. आणि मग अप्पा मडकं घेऊन मंडपातून चालू लागले. सगळ्यांच्या मधून, थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत. मंडपाचे बांबू रोवायला बोलावलेला सटवाजी तिथे उभा होता.

"घे सटवाजी," अप्पा म्हणाले. "झरा तू फोडलास. पैलं पाणी तुजं."

सटवाजीने अप्पांकडे पाहिलंच नाही. त्याने काशिनाथशेटांकडे पाहिलं, मग देशमुखांकडे, मग खाली. हात जोडले आणि म्हणाला, "नगं, अप्पा. तुमी उद्या जाताल. आमाला हितंच ऱ्हायचंय."

अप्पांचे हात तसेच पुढे राहिले. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. राग असा उतरला की मला भीती वाटली. कपाळावरच्या सगळ्या आठ्या गेल्या. फोटोत दाखवतात ना, अगदी तसे. हळू आवाजात ते म्हणाले, "चुकलं माजं, सटवाजी. तुला पुडं करायला नगं हुतं मी."

मंडपात एवढी माणसं होती. ज्यांनी चूक कबूल करायची ती खुर्च्यांवर बसली होती, आणि माफी मागत होता तो एकटा अप्पा, तीही सटवाजीची. मडकं आता फुटणार असंच सगळ्यांना वाटलं. अप्पांनी ते फोडलं नाही. जमिनीवर जपून ठेवलं, सांडणार नाही असं, आणि बाहेर पडले. दत्तोपंत उठले आणि समाजात समंजसपणाची किती गरज आहे यावर बोलू लागले. लोक ऐकत बसले. त्या माणसाच्या निर्लज्जपणाला मी आजही दाद देतो.

संध्याकाळी मंडळाने अप्पांना सांगितलं, नव्या सालापासून तुमची गरज नाही. ते तेव्हा आपलं गाठोडं बांधत होते. मी म्हणालो, "अप्पा, थांबा, आपण लोकांशी बोलू." ते माझ्यावर खेकसले, "मास्तर, तुमी पोरं सांबाळा." पुढे कुठे जाणार विचारलं, तर राणीसावरगावाकडे कुणी ओळखीचे आहेत, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेलो. वेशीबाहेर चिंचेखाली सटवाजी उभा होता, शेजारी किसन, डोक्यावर बोचकं. सटवाजी म्हणाला, "अप्पा, काल मला पाणी घेता आलं न्हाई. पर ह्याला घेऊन जावा. हितं ठिवला तर हा बी माज्यासारकाच खाली बगायला शिकंल."

अप्पांनी सटवाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालू लागले. किसन त्यांच्या मागे. मी तिथेच उभा राहून पाहत होतो. थोडं अंतर गेल्यावर अप्पा थांबले आणि वळून एवढ्या जोरात ओरडले की चिंचेवरचे कावळे उडाले.

"मागं काय चालायलास? मी काय तुजा मालक हाय? बरूबर चाल."

किसन धावत पुढे आला आणि त्यांच्या बरोबरीने चालू लागला. थोडा वेळ चालला. मग जन्मभराची सवय, पावलं आपोआप मंद झाली आणि तो पुन्हा मागे पडला. अप्पा पुन्हा थांबले, पुन्हा तोच आवाज. किसन पुन्हा बरोबर आला. उजाडत होतं, बोरीच्या वाटेने दोघं लहान लहान होत गेले, आणि दिसेनासे होईपर्यंत हेच चाललं होतं. किसन मागे पडत होता आणि अप्पा थांबून त्याच्यावर ओरडत होते.